निरोप आम्ही देऊ

पाहुण्यांना फोन द्यायचा की नाही, या एका प्रश्नावर आमच्या घरातला एक अख्खा दसरा वाया गेला. सोनं वाटून आलेले बाबा आणि पुरणाला बसलेली आई, दोघंही तोंड फुगवून होते, आणि पाहुण्यांचा अजून पत्ताही नव्हता.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सौंसरहून मोहगावला जाणाऱ्या रस्त्यावर आमची संत्र्याची बाग होती आणि बागेतच घर. घरामागं बाबांनी मजुरांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. मजुरांनी तिथं राहायला साफ नकार दिला, कारण त्यांची घरं त्या खोल्यांपेक्षा बरी होती. मग तिथं खताची पोती आणि एक बिघडलेला पंप सुखानं राहू लागले. पांढुर्ण्याच्या माझ्या मावशीनं आईच्या डोक्यात भरवलं की पुण्यामुंबईची माणसं सुट्टीत हवापालटासाठी चांगले पैसे देऊन असल्या ठिकाणी राहतात. बाबांना हे पटेना. हवेचे पैसे कोण देतं, असं त्यांचं म्हणणं. पण आईनं पंप हलवला, पोती हलवली, चुना मारून घेतला, आणि मावशीच्या पुण्यातल्या दिरामार्फत एक गिऱ्हाईक लागलंसुद्धा.

पुण्याच्या एका बाईंचं पत्र आलं. शाळेत मराठी शिकवणाऱ्या होत्या, नवऱ्यासोबत दिवाळीनंतर पंधरा दिवस राहणार होत्या. अक्षर इतकं सुंदर की पत्र वाचण्याआधी आम्ही ते नुसतं पाहिलं. वर त्यांचा पत्ता, त्याखाली निकडीसाठी शेजाऱ्यांचा फोन नंबर, आणि खाली दोन प्रश्न. संडास घरातच आहे का? आणि फोन आहे का?

पहिल्या प्रश्नावर बाबा म्हणाले की घरात कसा असेल, घरात देव आहेत. दुसऱ्या प्रश्नावर ते फोनकडे बघत राहिले.

कारण फोन आमच्याकडे होता. नागपूरच्या मंडीतला संत्र्याचा भाव कळावा म्हणून कितीतरी वर्षं अर्ज करून करून बाबांनी तो मिळवला होता. काळा, जड, डायल नसलेला. उचलला की एक्सचेंजमधला ऑपरेटर 'नंबर' म्हणायचा, नंबर जोडून द्यायचा आणि मग सगळं बोलणं ऐकायचा. सौंसरमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्याला जेवणाऱ्यांच्या आधी कळायचं. बाबांनी फोनला लाकडी पेटी करून घेतली होती, पेटीवर आईनं विणलेला रुमाल, आणि पेटीला हात लावायचा अधिकार फक्त त्यांना. मी तेव्हा बावीस वर्षांची, घरी बसून बी.ए.ची परीक्षा देणारी बाई, पण फोन वाजला की मी बाबांना हाक मारायची, अशी पद्धत होती.

बाबांचं म्हणणं असं, की माणसं शांततेसाठी येणार, मग त्यांना फोन कशाला? फोन मागतो त्याला शांतता नकोच असते, त्यानं आपल्या घरी बसावं. शिवाय पाहुणे बोलत बसले आणि तेवढ्यात मंडीतून फोन आला तर? आईचं म्हणणं, बाई विचारते म्हणजे तिचं काहीतरी अडलेलं असणार, नाहीतर संडासानंतर लगेच फोन कोण विचारतं. हे त्यांचं आठ दिवस चाललं. शेवटी तडजोड झाली आणि ती मी पोस्टकार्डावर लिहिली. फोन आहे; तुमच्यासाठी कुणाचा फोन आला तर निरोप आम्ही देऊ. 'आम्ही' म्हणजे बाबा, हे पुणेकरांना कळायचं काही कारण नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर दोघं आली. काका मवाळ, बागेत खुर्ची टाकून दिवसभर वर्तमानपत्र वाचणारे. बाई बारीक, ताठ, कडक इस्त्रीच्या. पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, आई भाजी चिरून राहिली, येतेच. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला समजावलं की 'भाजी चिरून राहिली' म्हणजे भाजी चिरली आणि मग मुक्कामाला थांबली. 'चिरते आहे' असं म्हणावं. माझा तीळपापड झाला. मराठी विषय घेऊन मी बी.ए. करत होते आणि ही बाई मला माझ्याच अंगणात मराठी शिकवून राहिली होती. मी मुद्दाम दिवसभर प्रत्येक वाक्यात 'राहिली' घातलं. त्यांनी प्रत्येक वेळी दुरुस्त केलं. चिकाटीत आम्ही दोघी सारख्याच होतो.

पण आई म्हणाली होती ते खरं निघालं. तिसऱ्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलताना बाईंनी आईला सगळं सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा इंजिनिअरिंगचं कॉलेज मधेच सोडून बसला होता, आणि वर त्याची काही खंतही नव्हती. भांडण झालं आणि बाई त्याला बोलून गेल्या, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. त्यानं ऐकलं. एरवी कधी आईचं न ऐकणारा मुलगा, एवढंच नेमकं ऐकून नागपूरला मामाकडे निघून गेला आणि आठ महिन्यांत ना आला ना पत्राला उत्तर दिलं. नागपूरला जाऊन त्याच्या पुढ्यात उभं राहायची बाईंची छाती होईना. म्हणून त्या दोन तासांवर येऊन बसल्या होत्या. भावाला कळवलं होतं, आम्ही सौंसरला आहोत, हा फोन नंबर, त्याला यावंसं वाटलं तर येऊ दे. हवापालट वगैरे सगळं खोटं होतं.

त्यानंतर फोन वाजला की मलाच धसका बसायचा. बाई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. बाबा रुमाल उचलायचे, पेटी उघडायचे, मोठ्यानं 'बोला जी' म्हणायचे आणि एक बोट वर करून बाईंना थांबायची खूण करायचे. मग मंडीतला भाव ऐकून बोट खाली यायचं. बाई आत जायच्या. आई बाबांना म्हणाली, तिच्यासाठी आला तर तिच्याच हातात द्या. बाबा म्हणाले, ठरलं ते ठरलं, निरोप आपण देऊ. त्यांना नियम मोडायची भीती नव्हती, रिसीव्हर दुसऱ्याच्या कानाला लागलेला बघवत नव्हता, एवढंच.

दहाव्या दिवशी आठवडी बाजार होता. मी आणि आई सकाळीच पिशव्या घेऊन गेलो. दुपारच्या आत परतलो तर मागच्या खोलीचं दार उघडं, गाद्यांच्या घड्या घातलेल्या, बॅगा नाहीत. टेबलावर एक चिठ्ठी आणि त्यावर पेपरवेट म्हणून एक संत्रं.

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मुलगा घरी आला आहे. आम्ही नागपूरहून दुपारची गाडी धरून पुण्याला जातो आहोत. दाराला कुलूप बघून तो परत फिरायला नको. तुम्हाला न भेटता निघावं लागतं आहे, राग मानू नये.'

आई रडायलाच लागली, आनंदानं. मीही, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात बाबा बागेतून सायकल घेऊन आले आणि खुशीत विचारलं की पोरगा आला का, जेवायला काय केलं. मी म्हटलं, कोणता पोरगा, तो तर पुण्यात आहे. बाबा म्हणाले, पुण्यात कसा असेल, सकाळी मामाचा फोन होता, त्यानं भाच्याला इकडच्या बसमध्ये बसवून दिलं.

मी बाबांना विचारलं, तुम्ही बाईंना नेमकं काय सांगितलं? नेमकं, शब्दाला शब्द.

"काय सांगतो? सांगितलं, तुमचा पोरगा येऊन राहिला घरी."

आमच्याकडच्या कुणालाही विचारा, याचा अर्थ एकच. पोरगा निघाला, वाटेत आहे, आपल्या घरी येतो आहे. आणि माझं हेच 'राहिली' दहा दिवस दुरुस्त करणाऱ्या बाईंनी त्या क्षणी आपल्या पुण्याच्या कानानं ऐकलं की मुलगा घरी येऊन राहिला, म्हणजे ज्या घरात पाय ठेवू नकोस म्हटलं होतं त्या घरी तो आला, आणि दाराशी थांबून राहिला. मी विचारलं, त्यांनी काही विचारलं नाही? बाबा म्हणाले, विचारलं ना, कधी म्हणून, तर सांगितलं की सकाळीच. मग बाई रडायला लागल्या आणि बाबा बागेत निघून गेले, कारण बाई माणूस रडत असताना उभं राहणं त्यांना जमत नसे.

मी बाबांना तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वीस पावलांवर ती बाई उभी होती. रिसीव्हर तिच्या हातात दिला असता तर भाऊ बहिणीशी बोलला असता आणि संपलं असतं. पण आमच्या बाबांना भारताच्या डाकतार खात्यानं जणू पाटावर बसवून, ओवाळून तो फोन दिला होता. बाबा तसेच मागं वळले. सायकलवर टांग मारून स्टँडवर गेले आणि नागपूरची बस केव्हाच गेल्याचं ऐकून परत आले. त्यांच्या पाठोपाठच फाटकातून खांद्याला पिशवी लावलेला एक उंच मुलगा आत आला. बाईंचंच नाक.

वाटेत कुठंतरी दोन्ही बसगाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

त्यानं रिकामी खोली बघितली, घडी घातलेल्या गाद्या बघितल्या आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, "मी येतोय कळल्यावर गेले ना?" आईनं त्याला बस म्हटलं, पाणी पुढं केलं. तो फाटकाकडे वळला. आठ महिन्यांनी हिंमत करून आला होता, तो पुन्हा येणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा बाबांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. ते त्याच्या आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माही आहे. निरोप मी चुकवला." त्यानं विश्वास ठेवला नाही. लोकांच्या घरची माणसं असंच सांभाळून घेतात, असा चेहरा त्यानं केला. मग मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

'दाराला कुलूप बघून तो परत फिरायला नको' ही ओळ त्यानं पुन्हा वाचली. मग त्यानं बाबांना विचारलं की निरोप काय दिला होता. बाबांनी सांगितला. आठ महिने नागपुरात काढलेल्या त्या मुलाला दोन्हीकडचं मराठी कळत होतं. तो आधी हसला, मग ओसरीवर बसला, आणि मग आईनं वाढलेलं जेवला.

पुढची बस धरून नागपूर गाठेपर्यंत त्यांची गाडी सुटणार होती. मामाच्या घरी फोन नव्हता, त्यानं दुकानातून केला होता. म्हणजे आता बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला पोचणार, दाराला कुलूपच असणार, आणि मुलगा येऊन कुलूप बघून गेला असं त्या धरून चालणार. पत्रावरचा शेजाऱ्यांचा नंबर तेवढा आमच्या हातात होता. बाबांनी सकाळचा अर्जंट ट्रंक कॉल लावून ठेवला आणि उजाडल्यापासून पेटीशेजारी स्टूल घेऊन बसले. मधे एकदा घंटी वाजली. नागपूरचा अडत्या भाव सांगायला लागला. बाबा म्हणाले, "भाव राहू द्या, लाईन सोडा," आणि त्यांनी फोन ठेवला. आई स्वयंपाकघरातून बघायला बाहेर आली.

साडेदहाच्या सुमारास पुणं लागलं. शेजारी बाईंना बोलवायला गेले. बाबा उभे राहिले, घसा साफ केला, आणि मी आयुष्यात कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं असं छापील मराठी बोलू लागले, एकेक शब्द सुटा, पुण्यापर्यंत फोनशिवायही पोचेल एवढ्या आवाजात.

"बाई, तुमचा मुलगा येथे आहे. सौंसरला आहे. काल दुपारी आला आहे. तो माझ्यासमोर उभा आहे."

पलीकडून काय आलं ते कळलं नाही. बाबांनी रिसीव्हर मुलाच्या हातात दिला. त्यानं "आई" म्हटलं. मी आणि आई कान देऊन उभ्या होतो. बाबांनी आम्हा दोघींना दंडाला धरून ओसरीवर आणलं आणि दार ओढून घेतलं.

तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे बोलायचा आणि लाईन तोडायचा, त्यात त्याला कधी कुणाची दया आली नव्हती. त्या दिवशी दहा मिनिटं झाली तरी आतून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. बाबा ओसरीवर फेऱ्या मारत होते. आई तांदूळ निवडायला बसली होती आणि एकही खडा काढत नव्हती.

मग दार उघडलं. मुलगा बाहेर आला, डोळे सुजलेले. आईनं विचारलं, काय म्हणाली रे?

"विचारलं, अजून राग आहे का. मी म्हटलं, आहे." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "तर म्हणाली, असू दे. रागातच तिथं थांब, मी येते."