काचेच्या नळीत ताई कोणाशी बोलत होती?

भूतबित मी कधीच मानलं नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, रिपोर्ट हातात आल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. तरी हे लिहितेय... कारण घरात कोणाशी बोलायची सोय नाही.

माझी ताई उलव्याला राहते. तिच्या स्कूटीला डंपरने उडवलं. ताईची नडगी हाडापर्यंत उघडी पडली. मागे बसलेली तिची सहा वर्षांची ओवी जागीच गेली. ताई शुद्धीवर आली तेव्हा "आत्ता धक्का नको" म्हणून तिला सांगितलं, ओवी करंजाड्याला आत्याकडे आहे. सांगणारी मीच.

मांडीचं मांस-कातडं काढून नडगीवर बसवलं, पण त्याची कड काळी पडायला लागली. प्लास्टिक सर्जन म्हणाले, "हायपरबॅरिक, म्हणजे जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देऊन बघू, नाहीतर पाय वाचणं कठीण."

जुईनगरचं सेंटर, दुसरा मजला. एक माणूस आडवा मावेल एवढी जाड, पारदर्शक नळी. अंगावर फक्त सुती गाऊन — फोन नाही, दागिना नाही. दार लागलं की दीड तास बोलणं स्पीकरवरून.

पाचवं सिटिंग, दुपारचे तीन. स्पीकरमधून ताईचं हसू आलं... अपघातानंतर पहिल्यांदा. मग हळूच, "सरक जरा, बाय. हां... नीज आता."

टेक्निशियन मॅडम चमकल्या. "ताई, कोणाशी बोलताय?"

"कोनाशी नाय."

बाहेर आल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"रेश्मा, ओवीला हिरवा फ्रॉक कोनी घातला?"

मी मनगट सोडवून तिच्या गाऊनची नाडी बांधायला लागले.

"मागचा टॅग काढला नाय तू. मानेला टोचतंय तिच्या."

तो नवा फ्रॉक मीच आणला होता. ओवीला न्यायच्या आधी दार लावून, एकटीने घातला होता. टॅग राहिल्याचं स्मशानातून सगळे परतल्यावर आठवलं. भावजींनाही बोलले नव्हते. ताई तेव्हा व्हेंटिलेटरवर होती.

मग मला खरं सांगावंच लागलं. ती रडली नाही. पण पुढच्या प्रत्येक सिटिंगला अंग चोरून, कुशीत जागा ठेवून निजायची. दीड तास वाट बघायची. स्पीकरमधून नुसता हवेचा आवाज.

कड गुलाबी झाली. डॉक्टर खूश. "जखम भरतेय, आता सिटिंग्ज बंद."

ताईने हात जोडले. "नका ना बंद करू, डॉक्टर. थोडी ऱ्हाऊ द्या जखम."

ऑक्सिजनने कधीकधी भास होतात, असं टेक्निशियन मॅडम म्हणतात. होत असतील. मला ते पटत नाही, आणि दुसरं उत्तरही आजवर सापडलेलं नाही. ताई आता काठीशिवाय चालते. करंजाड्याचं खोटं सांगणाऱ्या माझ्या घराची पायरी मात्र चढत नाही.