पाच वॅटचा संच आणि शेतातली टकटक

आर्णीच्या शाळेत मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. विद्युतधारा, रोध, चुंबकत्व हे धडे मला पुस्तक न उघडता शिकवता येतात आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. तो एका दिवाळीच्या सुट्टीत उतरला.

त्याच्या दोन वर्षं आधी यवतमाळच्या एका कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. तिथे एका गृहस्थांनी झाडावर तार टाकली होती आणि मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणाऱ्या डब्यातून ते आसामातल्या कुणाशी तरी पावसापाण्याच्या गप्पा मारत होते. मध्ये ना टॉवर, ना सिमकार्ड. मी मुलांना घेऊन गेले होते. मुलं पुढच्या टेबलावर गेली, मी तिथेच उभी राहिले. घरी येऊन पुस्तकं मागवली, वर्षभर अभ्यास केला आणि हौशी रेडिओची परीक्षा पास झाले.

परवान्याआधी पोलीस पडताळणी असते. त्यासाठी एक जमादार घरी आले. चहा घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, वायरलेस कायले पायजे तुम्हाले?"

"बोलायला."

"कोनाशी?"

"ते अजून माहीत नाही."

त्यांनी पेन बराच वेळ कागदावर नुसतं टेकवून ठेवलं. मग माझ्याकडे न बघता 'शैक्षणिक कामाकरिता' असं लिहिलं आणि कपातला उरलेला चहा संपवला.

परवाना आला आणि त्याबरोबर माझी कॉल साइन, म्हणजे हवेत स्वतःची ओळख सांगायची अक्षरं आणि अंक. मग मी रेडिओ संचाचं किट मागवलं. पार्सलमधून निघालं ते असं: एक हिरवी पाटी, पुड्यांत बांधलेले बारीक बारीक भाग, अंगठीएवढी दहा कडी, तांब्याच्या तारेचं बंडल आणि एक पुस्तिका. हे सगळं जोडलं की ऐकणारं आणि बोलणारं यंत्र तयार होणार होतं. ताकद पाच वॅट.

"पाच?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. "आपल्या न्हाणीतला झिरोचा बल्ब पंधराचा हाय."

नवरा शेती करतो. घराच्या मागच्या भिंतीपलीकडेच आमचं चार एकराचं रान आहे. सोयाबीन निघालेलं, तूर उभी, एका तुकड्यात हरभरा नुकताच वर आलेला. त्या दिवसांत तो रानडुकरांच्या मागे होता आणि मी कड्यांच्या. प्रत्येक कड्यावर तार मोजून गुंडाळायची असते, कुठे बारा वेढे, कुठे तीस. तो जेवताना काही काही सांगायचा आणि मी वेढे मोजत "हं" म्हणायचे.

आठव्या दिवशी सगळं जोडून झालं. छतापासून मागच्या कडुनिंबापर्यंत एरियलची तार बांधली, बॅटरी लावली, बटण फिरवलं. काहीच नाही. खरखरसुद्धा नाही. मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, प्रत्येक भाग भिंगातून तपासला, दोन भाग काढून उलटे लावले, मग परत सुलटे लावले. तिसऱ्या दिवशी संच पिशवीत घातला आणि चाचांकडे गेले.

चाचा म्हणजे बसस्टँडमागच्या गल्लीत मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवणारे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी खोलून त्यात नवी तार भरायची, हे त्यांचं पस्तीस वर्षांचं काम. आमच्या विहिरीची मोटर त्यांच्या हातून चारदा गेलेली. त्यांनी संच तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्याजवळ नेला.

"मॅडम, तारेची वार्निश खरडली का?"

तांब्याच्या त्या तारेवर डोळ्याला न दिसणारा रोगणाचा थर असतो, तो टोकाला खरडल्याशिवाय वीज आत जात नाही. मी हे मुलांना शिकवते. फळ्यावर आकृतीही काढते.

"काही टोकांची खरडली," मी म्हटलं.

"एकाचीबी नाई खरडली," चाचा शांतपणे म्हणाले. "आन वेढे किती ढिल्ले घेतले हो. हे का स्वेटर हाय का?"

त्यांनी दहाही कडी उतरवली. ज्या बोटांनी ते पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी भरतात त्याच बोटांनी केसाएवढी तार अशी बसवली की वेढ्याला वेढा चिकटलेला. मी शेजारी स्टुलावर बसून मोठ्यानं मोजत होते. दुकानात आलेल्या एका शेतकऱ्याला वाटलं मी नवीन कामाला लागले. त्यानं त्याची मोटर कधी होईल ते मलाच विचारलं.

त्या संध्याकाळी संच बोलू लागला. आधी समुद्रासारखी खरखर, मग कुणाचा तरी पुसट आवाज, आणि त्या सगळ्यावर एक आवाज अगदी स्वच्छ: टक्. एक सेकंद थांबून पुन्हा टक्. माणसाचं एक वाक्य काही धड ऐकू येईना.

माझा पहिला संशय भिंतीवरच्या घड्याळावर गेला. त्याचा सेल काढला. मग बेडरूममधल्या घड्याळाचा, मग नवऱ्याच्या मनगटावरच्याचाही. दोन दिवस आमच्या घरात वेळ नव्हती. टकटक होती. मग टीव्हीचा डबा, इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, एकेक बंद केला. शेवटी घराचा मेन स्विचच पाडला. नवरा त्या वेळी दाढी करत होता आणि न्हाणीत खिडकी नाही. टकटक तशीच. तेव्हा मी ठरवलं की दोष संचातच आहे, आणि त्यातले चौदा भाग बदलले.

पुन्हा चाचांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एरियलची तार काढून पायली?"

"नाही."

"घरी जाऊन काढा बरं."

काढली. टकटक बंद झाली. लावली, सुरू झाली. तसं दुकानात परत येऊन सांगितलं.

"मंग खराबी बाहेर हाय," चाचा म्हणाले. "मॅडम, मोटर गरम झाली म्हनून मी आधी मोटर नाई खोलत. आधी लाइन पायतो."

म्हणजे चौदा भाग मी उगाच बदलले होते. घरी येताना मी शेजाऱ्यांचं एकेक घर डोळ्यांपुढे आणलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवर माझा दाट संशय बसला आणि दोन दिवस मी गिरणीवाल्याशी जरा तुटकपणे वागले. त्या बिचाऱ्यानं माझं दळण आधी काढून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नवऱ्याला चहा द्यायला मागच्या रानात गेले. बांधावर नवीन खांब दिसले. खांबांवर तार, आणि कोपऱ्यातल्या खांबावर एक डबा, वर छोटं सोलर पॅनेल. त्या डब्यातून आवाज येत होता. टक्. टक्. मी किटली हातात धरून वीसपर्यंत मोजलं.

"हे काय आहे?"

"झटका मशीन," नवरा म्हणाला. "डुकरासाठी. दर सेकंदाले तारेत झटका सोडते. मरत नाई, पन भेते जनावर."

"कधी लावलं?"

"दिवाळीच्या आधी. तुले सांगतलं होतं. तू हं म्हटलं."

मी म्हटलं असणार. मी शांतपणे चहा ओतला आणि मशीन बंद करायला सांगितलं.

"बंद करतो. मंग डुकरं आले का तू त्याहिले रेडिओवर सांगजो, हरभरा नोका खाऊ म्हना."

त्यावर आमचं जे बोलणं झालं ते तुरीच्या ओळींनी ऐकलं. शेवटी एक दुपारभर मशीन बंद ठेवायचं ठरलं. मी धावत जाऊन संच लावला. खरखर होती, पण त्यात माणसं होती. कुणी तामिळमध्ये, कुणी हिंदीत, एकजण नुसता आपली कॉल साइन पुन्हा पुन्हा सांगत होता आणि त्याला कुणीच उत्तर देत नव्हतं. मला त्याची दया आली. साडेपाचला टक् सुरू झालं.

हा घरचा प्रश्न घेऊन चाचांकडे जावं की नाही, असा माझा विचार चालला होता, तोवर नवराच त्यांच्याकडे जाऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा खिशात मावणारा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन हजर झाले. चांगल्या कुंपणातून एवढा आवाज यायला नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुठेतरी जोड ढिला असणार, तिथे ठिणगी उडत असणार, आणि ठिणगी उडाली की रेडिओला ऐकू येणारच.

मग आमची वरात निघाली. पुढे चाचा, ट्रान्झिस्टर कानाला लावून. मागे नवरा, हातात विळा. त्यामागे मी, वहीत खांबांचे नंबर लिहीत. पहिल्या खांबाला टक् बारीक होतं. आठव्याला जरा मोठं. चौदाव्याला गवत तारेला टेकलेलं होतं, ते नवऱ्यानं मशीन बंद करून कापलं. बावीस नंबरच्या खांबाजवळ ट्रान्झिस्टर असा कडाडला की चाचांनी तो कानापासून हातभर लांब धरला.

तिथे तार कमी पडली होती. नवऱ्यानं दोन तुकडे एका गंजक्या खिळ्याला गुंडाळून जोडले होते. खाली जमीन उकरलेली आणि चिखलात खुरांचे ठसे.

"इथूनच येऊन राह्यले," नवरा म्हणाला.

"येतीनच," चाचा म्हणाले. "झटका इथं येऊन थांबते. इथून पुढं नुसती तार हाय, भाऊ. कपडे वाळू घाला."

नवऱ्यानं खिळा उपसून काढला. चाचांनी तार घासून दोन्ही टोकं नीट पिळली, वरून क्लॅम्प आवळला. मी वहीत लिहिलं: खांब बावीस, वार्निश नव्हती, गंज होता. त्या आठवड्यापासून डुकरं आमच्या हरभऱ्यात आली नाहीत आणि माझी टकटक इतकी कमी झाली की कान दिल्याशिवाय कळत नाही. नवरा हे श्रेय रेडिओला देतो. निदान पाहुण्यांसमोर देतो.

रविवारी सकाळी मी पहिल्यांदा बोलायला बसले. चाचा मुद्दाम आले होते. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. रोज साठ मुलांसमोर बोलणारी मी, माइकचं बटण दाबलं आणि कागद उलटा धरला. कॉल साइन सांगितली, तिचं शेवटचं अक्षर विसरले, पुन्हा सांगितली. मग उत्तराची वाट बघत बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मॅडम," चाचा म्हणाले, "बटन सोडा."

बटण दाबलेलं असलं की संच फक्त बोलतो, ऐकत नाही. सोडलं, तर एक वयस्कर आवाज बोलतच होता. "...ऐकू येऊन राह्यलं. पुन्हा सांगा, घाई नोका करू. मी पुसदहून बोलतो."

मला आसाम हवं होतं. पुसद आर्णीपासून एसटीनं जाण्याइतकं जवळ. तरी माझ्या अंगावर काटा आला. मी माझं गाव सांगितलं, संच स्वतः जोडला ते सांगितलं, पाच वॅट हेही सांगितलं. ते गृहस्थ तिथल्या एका शाळेतून निवृत्त झालेले, गणित शिकवायचे. आमचं छान चाललं होतं. पण तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, "बाई, तुमचा आवाज बुडून राह्यला," आणि मग मी बुडालेच. संचातल्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला, म्हणजे आवाज हवेत ढकलणाऱ्या भागाला, हात लावला तर चटका बसला.

त्याची उष्णता ओढून घ्यायला किटमध्ये दिलेला ॲल्युमिनियमचा तुकडा बोटाच्या नखाएवढा होता. चाचांनी दुकानातून जुन्या छतपंख्याचं एक पातं आणलं, त्याचा वीतभर तुकडा कापला, ट्रान्झिस्टर आणि त्याच्यामध्ये अभ्रकाची चकती ठेवली आणि स्क्रूनं आवळलं. संचाच्या मागून पंख बाहेर आल्यासारखा तो दिसतो आणि आता डब्याचं झाकण लागत नाही. पण मी वीस मिनिटं बोलले तरी पातं नुसतं कोमट होतं.

पुसदच्या गुरुजींशी आता दर रविवारी बोलणं होतं. त्यांच्यामुळे भोपाळ झालं, कोल्हापूर झालं, एकदा आसामही झालं, तिथे पाऊस होता. गुरुजींच्या घरी शेती आहे, त्यामुळे ते हरभऱ्याची चौकशी करतात. नवरा शेजारीच बसलेला असतो, पण परवाना नसल्यानं त्याला माइक देता येत नाही. ते घाटेअळीचं विचारतात, हा मला सांगतो, मी त्यांना सांगते, आणि माझ्या सांगण्यात दरवेळी काहीतरी चुकतं. एका रविवारी मी फवारणीचं औषध आणि प्रमाण यांची अदलाबदल केली. नवरा उठून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझं परीक्षेचं पुस्तक जागेवर नव्हतं. ते बांधावर सापडलं, विळ्याखाली, ओहमच्या नियमावर उघडं. मी म्हटलं, मी शिकवते की. दोन संध्याकाळी शिकवलंही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तू सातव्या वर्गावानी शिकवतं. मधातच फळ्याकडं पायतं, फळा नाई तरी." आता तो रोज पाच वाजता चाचांच्या दुकानात जातो. मोटर खोललेली असते, चाचा तार भरत असतात आणि रोध म्हणजे काय ते पाइपातल्या पाण्यावरून समजावतात. काल घरी येऊन त्यानं मला विचारलं, विद्युतधारेची व्याख्या सांग. मी सांगितली. तो म्हणाला, बरोबर हाय, पन चाचाची जास्त सोपी हाय.