घळीवरची गिधाडे

मेलेले जनावर कुठे पडले आहे, हे कळंबच्या म्हस्कूला आकाशाकडे पाहून कळे. त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरे होती. कळपातले मेंढरू मेले की ते माळावरच्या एका घळीत टाकायचे, अशी रीत होती. कुत्री आणि लांडगे त्या जागेला इतके सरावले होते की माळावर इतरत्र पडलेले जनावरही ते उतारावरून ओढत तिथल्याच आडोशाला नेत. घळीवर गिधाडे फिरू लागली तरी गावात कुणी मान वर करत नसे. मेंढरू गेले, एवढेच म्हणून माणसे कामाला लागत.

नव्वदनंतर उसाने माळाच्या कडेपर्यंत रान व्यापले आणि भावकीने एकेक करून कळप विकले. म्हस्कूने सर्वांत शेवटी, १९९३ मध्ये.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा, बानूबाईचा नवरा सोपान नाहीसा झाला. त्यांची वस्ती कालव्याकाठी होती. सोपानला फेफरे येत असे. सकाळी घोंगडी धुवायला तो कालव्यावर गेला, तो परतलाच नाही. घोंगडी मात्र खालच्या मोरीच्या गजांना अडकलेली सापडली. कालव्याला पाणी सुटलेले होते. त्यापुढे कुणी दुसरा विचार केला नाही.

शोध म्हस्कूने हाती घेतला. बुडालेला माणूस फुगून वर येतो आणि मोरीशी थटतो, असा अनुभव होता. पाणी कमी करवून त्याने बांबूला गळ बांधून तळ चाळला. काही लागले नाही. तेव्हा लोक म्हणू लागले की प्रेत सांडव्यावाटे नीरेत गेले असेल. म्हस्कू नदीकाठाने थेट भीमेच्या संगमापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला.

भावकीचे मत पडले की कणकेचा पुतळा करून माती द्यावी आणि बानूबाईने कुंकू पुसावे. तिने नकार दिला. उद्या तो दारात उभा राहिला तर कुठल्या तोंडाने दार उघडू, असे तिने विचारले.

परतल्या दिवशी म्हस्कू तिच्या चुलीपुढे बसला होता. बोलता बोलता बानूबाईने तक्रार केली की वस्तीवरची कुत्री भाकरीला तोंड लावत नाहीत, टाकली तशी पडून राहते. म्हस्कूला त्यात नवल वाटले नाही.

“घळीत कुणाचं तरी मेंढरू गेलंया,” तो म्हणाला. “गळ टाकताना कालव्यावरनंच गिधाडं बघितली म्या.”

भाकरी थापणारा हात थांबला.

“कुणाचं रं?”

म्हस्कूला प्रश्नच कळला नाही.

“मेंढरं इकून वरीस झालं, म्हस्कू. गावात मेंढरू हाय कुठं?”

तो उन्हातच माळावर गेला. सोपान कालव्यावरून तिकडे का वळला, हे आजही सांगता येत नाही. मधल्या काळात गुराख्याने वा अन्य कुणी त्याला पाहिल्याचा पुरावा नाही. निश्चित एवढेच की पाण्याने घोंगडी नेली होती, माणूस नेला नव्हता. घळीत जुन्या मेंढरांच्या हाडांवर नवी हाडे पडलेली होती. वळवाच्या सरीने आलेल्या लोटात त्यांतली हलकी खालच्या वाळूत पांगली होती. चांदीचा करदोटा खडकाच्या कपारीत सापडला. तो सोपानचाच होता, याविषयी वाद झाला नाही.

पोलीस पंचनामा करून गेल्यावर म्हस्कू पुन्हा घळीत उतरला आणि मेंढरांच्या हाडांतून माणसाची वेगळी करत सांजेपर्यंत बसला. कवटी, मांडीची, फासळ्या त्याने ओळखल्या. बारक्या हाडांपुढे त्याचे हात अडखळले. काही त्याने उचलली, काही ठेवली, ठेवलेली पुन्हा उचलली.

दुसऱ्या दिवशी माती देताना बानूबाईने कापडाच्या गाठोड्यावर हात ठेवला.

“समदी हायती?”

“व्हय, अक्का.”

मग तिने कुंकू पुसले. मातीवर दगड रचले, दगडांवर बाभळीचे काटे टाकले. म्हस्कूने एक फेरी घातली आणि आणखी दगड आणायला सांगितले. वस्तीवरची कुत्री बांधावर ओळीने बसली होती, आणि हाकलली तरी उठत नव्हती.