गाव न विचारणारी बाई

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर देवावरही फारसा नव्हता. जन्म ख्रिस्ती घरातला, नगरकडचा. पण प्रार्थनेला जायचो ते बायको ओढून न्यायची म्हणून. शिक्षण चौथी, चुका पोटात घाला. तुमच्या मासिकात लोक असले अनुभव लिहितात, ते वाचून मी हसायचो...

मी कलकत्त्याच्या दक्षिणेला, बजबजला ज्यूट मिलमध्ये फिटर होतो. बायको एस्तेर. मूलबाळ नाही. इतकी वर्षं तिकडे काढली तरी तिला बंगाली आलं नाही, हिंदीही मोडकंतोडकं. दोन वर्षांपूर्वी तिचं हृदय बिघडलं. मिलच्या डॉक्टरने शहराच्या पार उत्तरेला, बागबाजारच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. शिफ्ट सुटली की मी जायचो, आधी लोकल, मग ट्राम.

तिचं एकच म्हणणं असायचं — "अहो, मरणाचं भ्या नाही. पण शेवटाला शेजारी आपलं बोलणारं कुणी नसलं तर? इथं पाणी मागितलं तरी कुणाला कळत नाही."

मी चिडून म्हणायचो, "तुझा देव बघतो ना सगळं? त्याला सांग."

"त्याला सांगितलंय. तुम्हाला नुसतं कळवते."

मग एका रात्री, शेवटची लोकल गेल्यावर निरोप आला, तब्येत खालावली, या. सकाळी बघतो तर बंद! त्या दिवसांत कलकत्त्यात बंद नेहमीचाच. लोकल नाही, बस नाही, ट्राम नाही. निघालो चालत. बजबज ते बागबाजार म्हणजे अख्खं शहर तुडवायचं. वाटेत देवाला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. ती एकटी, मुक्यासारखी मरणार... एवढंच डोक्यात.

दुपार कलल्यावर पोचलो. शेजारच्या खाटेवर एक बंगाली म्हातारी होती. ती आम्हाला 'बर्गी' म्हणून चिडवायची. मराठ्यांच्या जुन्या स्वाऱ्या ते लोक अजून विसरलेले नाहीत.

"की गो बर्गी, एतोक्खोने एले?" इतक्या वेळाने आलास? मग म्हणाली, तुमच्या मुलखातली एक बाई सकाळपासून बसली होती, आत्ताच गेली. लुगडं कसं नेसली होती ते सांगताना म्हातारीने पदराचं टोक पायांमधून मागे नेऊन दाखवलं आणि खोकला येईपर्यंत हसली. म्हणजे कासोटा. तो तिला कुठून माहीत असणार?

एस्तेरचे केस विंचरलेले, तोंड पुसलेलं. आवाज अगदी बारीक, पण चेहरा निवांत.

"अहो, किती बोललो आम्ही! मी घाबरले होते, तर तिनं हात धरून प्रार्थना केली. आपल्या बोलीत."

"कोण होती? कुठली?"

"ते विचारायचंच राहिलं. तिनंही मला विचारलं नाही हो."

मी थबकलो. कलकत्त्यात दोन मराठी माणसं भेटली की नावाआधी गाव विचारतात. बँकेतला साहेब असो की माझ्यासारखा फिटर. हे कधी चुकत नाही.

"गावच्या प्रार्थनाघरामागं चिंचेखाली आम्ही पोरी काय काय खेळायचो, ते तीच मला सांगत होती," एस्तेर म्हणाली. "मग विचारायचं काय?"

संध्याकाळी ती गेली. हात माझ्या हातात होता.

नंतर मी सगळीकडे विचारलं. नर्स म्हणाली, सकाळी कुणालाच आत सोडलं नाही. दरवान म्हणाला, बंदमुळे तुम्हीच पहिले आलात. ओळखीच्या मराठी घरांतून फिरलो. कासोटा नेसणारी बाई कुणाकडे नाही, तिच्या माहेरगावचं तर कलकत्त्यात दुसरं कुणीच नाही. बायको भ्रमात बडबडली म्हणावं, तर म्हातारीला कसला भ्रम? तिचा नुसता पाय मोडला होता.

चर्चचे पाळक म्हणाले, देवाची नजर होती तिच्यावर. मी म्हणालो, नजर होती तर बाई कशाला पाठवली, सरळ तिला बरी करायची होती. त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. उगाच काही बोलले नाहीत, हे बरं वाटलं.

खुलासा माझ्याकडे नाही. शोधायची ताकदही आता उरली नाही. सकाळी एकट्याचा चहा टाकतो आणि देवाशी भांडत बसतो. आधी वाटायचं भिंतीशी बोलतोय. आता तसं वाटत नाही.