हिरवं कापलेलं कुरण

विळे घेऊन अख्खं गाव कुरणाच्या बांधावर उभं होतं, आन् सगळ्यात पुढं माझी बायको.

मी त्या कुरणाचा सरकारी राखणदार. काम सांगायला सोपं. पवना गवत पिकून त्याचं बी मातीत झडेपर्यंत कुणाचा विळा आत जाऊ द्यायचा न्हाई. बी झडलं की गाव कापणार, मागून धनगरांची मेंढरं चरणार. झडलेलं बी म्हंजे पुढच्या सालचं गवत. एवढं कळायला शाळा लागत न्हाई.

त्या साली हैदराबादचं राज्य मोडून आपला मुलूख मुंबई राज्यात जाणार होता. चुडाव्याच्या ठेसनावर कुणीतरी बोललं, नवं सरकार कुरणं नांगरून वाटणार. झालं. जो तो म्हणायला लागला, दुसऱ्यानं नेण्याआधी आपण न्यावं.

मी परभणीला कचेरीत गेलो. साहेब म्हणाला, जुना हुकूम आता चालत न्हाई, नवा आला न्हाई, तवर तूच सांभाळ. मान वर करून बघितलं बी न्हाई त्यानं.

बांधावर उभ्या पाटलाला म्हणलं, तुमी तरी थांबवा, तुरे अजून हिरवे हायेत. पाटील हसला. "आधी तुझं घर आवर की."

बायको म्हणाली, "अवो, सरका. गाय माझ्या दावणीला हाय, सरकारच्या न्हाई."

"बी झडू दे. थोडे दिस कळ काढ."

"तवर हे लोक ठेवतेत का? तुमी एकटे कुणाकुणाचा हात धरणार?"

मी तिचा हात धरला. बाकीचे माझ्या दोन्ही अंगांनी आत शिरले.

"बघा," ती म्हणाली, "माझाच धरला."

दिस बुडेस्तोवर कुरण भादरलं. ओलं गवत घाईनं गंजीला रचलं. गंजी आतून तापल्या, काळ्या पडल्या, बुरशी आली. गाईनं तोंड लावलं न्हाई. पाटलाची गंज बी सडली, तेवढंच बरं झालं.

पुढच्या पावसाळ्यात कुरणात पवना उगवलाच न्हाई, नुसती कुसळं आन् तरवड. धनगर बांधावरून बघूनच दुसऱ्या वाटेला लागले. उन्हाळ्यात बायको गाय भावाच्या दारी सोडून आली, मोकळं दावं हातात घेऊन. आन् कुरण नांगरायला कोण आलं? कुणीच न्हाई. आजवर न्हाई.

यंदा बायको वारली. आता धरायला तो हात बी न्हाई.

कुरणाला कुंपण घाला, राखणदार ठेवा, पोलीस ठेवा. शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर भरोसा नसला तर सगळं फुकट. माझ्या तर घरात बी नव्हता.