न आलेलं रडू

समोरच्या कार्यालयातून आज एक नवरी सासरी निघाली. तिची आई दारातच हमसून हमसून रडत होती. खिडकीतून तिच्याकडे बघताना मला चक्क तिचा हेवा वाटला.

माझ्या मीराच्या लग्नाच्या सुमारास डॉक्टरांनी माझी चिंतेवरची गोळी बदलली होती. नव्या गोळीने तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे. "हळूहळू अंगवळणी पडेल, मनाने बंद मात्र करू नका," असं त्यांनी बजावलं होतं. मी नेटाने घेत राहिले. छातीतली धडधड कमी झाली, पण तिच्याबरोबर रडूही गेलं. भीती तेवढी उचलून न्यावी आणि बाकीचं जागच्या जागी राहावं, असं मनाचं होत नसावं.

पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. माझी नणंद कुणाला तरी म्हणाली, "आई असून डोळ्यांत टिपूस नाही बघा!" मीराने ते ऐकलं. ती माझ्याजवळ आली.

"आई, तुला वाईट नाही का गं वाटत?"

"खूप वाटतंय. पण रडूच येत नाहीये बाळा. गोळ्या बदलल्यात ना."

तिने माझे थरथरणारे हात घट्ट धरले. "मग तुझ्या वाटणीचं मी रडते," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती खरंच रडली.

गाडी निघून गेली. लेकीच्या आसवांनी भिजलेला खांदा मी कितीतरी वेळ पुसला नाही.