यादोराव गडपायल्यांची थुंकी

यादोराव गडपायले यांच्या नावाची नळी आंबागडहून लॅबकडे रवाना झाली, तेव्हा तिच्यात यादोरावांचं काहीही नव्हतं. ही करामत त्यांच्या पुतण्याची, मुन्नाची. म्हणजे अस्मादिकांची. कबुली झाली, आता पुढे त्याला मुन्नाच म्हणू, म्हणजे त्याच्याकडे जरा लांबून बघता येईल.

झालं ते असं. डीएनए तपासणाऱ्या लॅबने पाठवलेल्या डब्यांत कापसाचं टोक असलेल्या लांब काड्या होत्या, माणशी दोन. एक उजव्या गालाच्या आतून फिरवायची, एक डाव्या. गावात याला सरसकट ‘थुंकीची परीक्षा’ म्हणत. गावातल्याच दुसऱ्या मोहल्ल्यातल्या धर्मेंद्र गडपायले यांनी यादोरावांच्या ओसरीवर बसून दोन्ही गाल नीट घासून दिले. मग पाळी यादोरावांची, आणि यादोरावांच्या तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की एक तास आधी तोंडात काही नको. यादोरावांनी बोट वर करून ‘उद्या’ अशी खूण केली, कारण बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्ना पोचला तर मंदाबाई, म्हणजे यादोरावांच्या पत्नी, अंगणात नातीचे कान साफ करत बसल्या होत्या. लॅबच्या काडीने. पहिला कान उरकला होता, दुसरा सुरू होता. काड्या फार चांगल्या आहेत, कुठे मिळतात, अशी त्यांनी चौकशीही केली. यादोराव तलावावर गेलेले, दारात तुमसरहून आलेला कुरिअरवाला, आणि तो आंबागडला आठवड्यातून एकदाच फिरकतो. मुन्नाने धर्मेंद्रच्या दोन काड्यांपैकी एक उचलली आणि यादोरावांच्या नावाच्या नळीत टाकून झाकण लावलं. शेवटी गडपायले तो गडपायलेच, असा काहीतरी विचार त्याच्या डोक्यात त्या वेळी होता. तुमसरच्या कॉलेजात त्याने बारावीपर्यंत जीवशास्त्र घेतलं होतं, हे इथे सांगायला लाज वाटते.

आता यादोराव. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर. घर ढिवरांचं, तलावाकडच्या मोहल्ल्यातलं. बाप, आजा, सगळे जाळं टाकणारे. जाळं सोडून चामड्याची थैली खांद्याला लावणारे घरातले हे पहिलेच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कंडक्टरी अंगातून गेली नव्हती. लग्नाच्या पंगतीत ते आधी माणसं मोजत. देवळात गर्दी झाली की ‘पुढे सरका, मागं जागा हाये’ म्हणत. आणि विनातिकीट माणूस त्यांना चेहऱ्यावरून कळे. सख्ख्या साळ्याला त्यांनी भर दुपारी चिखल्याच्या फाट्यावर उतरवलं होतं. साळा मॅंगनीजच्या ट्रकवर बसून लालकाळा होऊन घरी आला, आणि मंदाबाई पंधरा दिवस बोलल्या नव्हत्या.

अशा काटेकोर माणसाने आयुष्यात एकच गोष्ट बिनतिकिटाची बाळगली होती. आपला पूर्वज आंबागडचा किल्लेदार होता, ही. त्यांना ती बापाने सांगितली, बापाला आज्याने. पुरावा काय, तर आडनाव. नोकरीत असताना गावाचा थांबा आला की ते ‘आंबागड, किल्लेदाराचं आंबागड’ असं ओरडून डबल बेल मारत. याच जोरावर दर दसऱ्याला गडावर चढून दरवाज्यात नारळ फोडायचा मान त्यांच्याकडे आला. बावीस वर्षं कोणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? सकाळी सकाळी नारळ घेऊन तेवढ्या पायऱ्या चढायची दुसऱ्या कोणाला हौस नव्हती.

हरकत घेतली खेमराज मास्तरांनी. मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि दसरा समितीचे अध्यक्ष झाले. वर्गात पोरं उरली नव्हती, म्हणून गावाला प्रश्न विचारत. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की गडपायले तर विहाराकडच्या मोहल्ल्यातही आहेत, मग किल्लेदार नेमका कोणाचा? यंदाच्या दसऱ्याआधी पुरावा आणा, नाहीतर नारळ समिती फोडेल.

विहाराकडचे गडपायले म्हणजे धर्मेंद्र. चिखल्याच्या खाणीच्या ऑफिसात बाबू, वय अठ्ठेचाळीस, स्वभाव थट्टेखोर. यादोरावांचा आणि त्याचा संबंध एवढाच, की एकाची पत्रं दुसऱ्याच्या घरी पडत. यादोरावांच्या पेन्शनचं पत्र आठ दिवस धर्मेंद्रच्या टीव्हीवर होतं. धर्मेंद्रला गडात काडीचाही रस नव्हता. आमचा इतिहास छप्पन्नपासून सुरू होतो, तेवढा आम्हाला पुरतो, असं तो म्हणे. आणि आडनावाचा अर्थ त्याने एका वाक्यात लावून टाकला होता.

“गड घेतले नाई, गड राखले नाई. गड पायले. खालूनच.”

हे यादोरावांना फार लागलं. इकडच्या झाडी बोलीत ‘पायले’ म्हणजे पाहिले, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. साठ वर्षांत त्यांनी आपलं आडनाव तोडून मात्र कधी वाचलं नव्हतं. पूर्वजाने गड आतून पाहिला, असं त्यांनी ठणकावलं. तेव्हा धर्मेंद्र म्हणाला की एके काळी त्या गडावर कैदखाना होता असं सांगतात. आत टाकलेल्या माणसानेही गड आतूनच पाहिला असणार.

त्यानंतर मुन्नाने मोबाइलवर त्या लॅबची जाहिरात दाखवली. एका डब्यावर एक डबा फुकट. मुन्नाने ओसरीवर समजावून सांगितलं की पुरुषाच्या शरीरात वाय नावाचा एक तुकडा असतो. तो बापाकडून पोराला मिळतो, पोराकडून त्याच्या पोराला. आडनावासारखाच, फक्त त्याचं स्पेलिंग सहसा चुकत नाही. दोन माणसांचा वाय जुळला की त्यांचा मूळ बाप एक. मंदाबाईंनी विचारलं की बायांमधून काय जातं. या परीक्षेत बाया येतच नाहीत, असं मुन्नाने सांगितल्यावर त्या तांदूळ निवडायला आत गेल्या. मागाहून त्यांनी त्या काड्यांचं जे केलं, ते मुद्दाम केलं असं मुन्ना म्हणत नाही.

यादोरावांचा हिशोब सरळ होता. दोघांची परीक्षा करायची. जुळणार नाहीतच. मग धर्मेंद्रचं आडनाव योगायोगाचं आणि आपलं किल्लेदाराचं. धर्मेंद्र गंमत म्हणून तयार झाला.

पोळ्याच्या आसपास अहवाल आला. समितीपुढे तो वाचायचं काम मुन्नाकडे. सदतीस खुणा तपासल्या होत्या आणि सदतीसच्या सदतीस जुळत होत्या. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती की दोन्ही नमुने एकाच माणसाचे नाहीत ना, याची कृपया खात्री करावी. मुन्नाने तिचं मराठी केलं नाही.

मुन्नाने कागद यादोरावांपुढे धरला. मग यादोरावांचं बोट एका अक्षरावर पडलं. दोघांचा वंशगट लिहिला होता, एच. यादोरावांनी तिथल्या तिथे निकाल लावला: एच म्हणजे हवालदार. जुन्या काळी गडाचा मुख्य हवालदारच असायचा. खेमराज मास्तर म्हणाले, हमालही एचनेच लिहितात. यावर हात वर करून मतं घेतली गेली. हवालदाराच्या बाजूने सात, हमालाच्या बाजूने दोन, आणि मासे घ्यायला आलेला एक पाहुणा तटस्थ. तेव्हा किल्लेदार पक्का झाला, पण तो दोघांचा पक्का झाला. मास्तरांनी ठराव लिहिला: नारळाचा मान यादोराव व धर्मेंद्र, उभयतांचा.

त्या दिवशी यादोराव घरी जाऊन जेवले नाहीत. मान अर्धा झाला होता, आणि तोही अशा माणसाशी, ज्याच्या घरचं पाणी त्यांच्या बापाने कधी घेतलं नव्हतं. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. ओसरीवर बसून एकामागून एक तीन खर्रे घोटले.

चौथ्या दिवशी घरासमोर काठीचा आवाज आला. धर्मेंद्रची आई, पार्वताबाई. वय अठ्ठ्याहत्तर. त्या सरळ ओसरीवर येऊन बसल्या आणि यादोरावांचं तोंड निरखू लागल्या.

“आता मी तुही काकू झाली,” त्या म्हणाल्या. “थुक तो खर्रा आधी.”

यादोरावांना आई जाऊन तीस वर्षं झाली होती. बापाला ते एकटेच. मुन्ना पुतण्या, तो चुलतभावाकडून. ‘थुक’ असं त्यांना गेल्या तीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. बसमध्ये तेच लोकांना म्हणत. ते उठले आणि थुंकून आले. मंदाबाई दाराआडून बघत होत्या. इतक्या वर्षांचा आपला उपदेश एका म्हातारीने दोन शब्दांत उरकला, याचा त्यांना थोडा राग आला आणि थोडा चहा त्यांनी जास्तच टाकला.

मग जाणं-येणं सुरू झालं. पार्वताबाईंच्या हातची लाखोळीची डाळ इकडे येऊ लागली आणि तलावातली मरळ तिकडे जाऊ लागली. धर्मेंद्र ‘कंडक्टर साहेब’ सोडून ‘यादोदादा’ म्हणू लागला. म्हणताना डोळा मारत असे, पण म्हणत असे. म्हातारीला डोळे तपासायला भंडाऱ्याला न्यायचं होतं, तर यादोराव बसमध्ये तिच्यासाठी खिडकीची जागा धरून बसले. त्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सीटवर रुमाल टाकला. दुसऱ्यांचे असे रुमाल त्यांनी तेहतीस वर्षं उचलून बाहेर फेकले होते. अहवालाला त्यांनी प्लॅस्टिक चढवून आणलं आणि तो शर्टाच्या खिशात घेऊन फिरू लागले, एसटीचा पास असावा तसा.

मुन्ना हे सगळं पाहत होता आणि दसऱ्यापर्यंत कोणाला कानाचा त्रास होऊ नये, अशी प्रार्थना करत होता.

दसऱ्याला सकाळीच नातीचा, खुशबूचा, कान दुखायला लागला. यादोराव धोतर नेसून, नारळ हातात घेऊन अंगणात उभे. मंदाबाईंनी मुन्नाला हाक मारून सांगितलं की त्या लांब काड्या अजून आण बाबा, त्या थुंकीच्या डब्यातल्या. मागच्या दोन्ही हिच्या कानातच संपल्या.

यादोरावांनी मुन्नाकडे पाहिलं. बसच्या मागच्या दारातून घुसलेल्या माणसाकडे ते पाहत, तसं.

“तिकीट दाखव,” ते म्हणाले.

मुन्नाने सगळं सांगितलं. बारीक अक्षरातली ओळही सांगितली.

गडाच्या पायऱ्या यादोराव दर साली सगळ्यांच्या पुढे चढत. यंदा ते मागे होते. त्यांच्या चालण्यावरून मुन्नाला कळत होतं काय चाललंय ते. बोललं तर पुरावा गेला, म्हणजे नारळ गेला. मास्तर पायरीवरच ठराव फिरवतील. नारळ एक वेळ गेला तर जाऊ दे, पण काकूही जाईल. आणि नाही बोललं तर ज्या माणसाने साळ्याला उन्हात उतरवलं, तो स्वतः विनातिकीट गडावर पोचणार. अर्ध्या वाटेवर ते थांबले. धर्मेंद्रला वाटलं गुडघा दुखतोय, तो दोन पायऱ्या खाली आला आणि त्याने हात पुढे केला. यादोरावांनी हात धरला नाही.

“त्या दोनई काड्या तुह्याच होत्या गा,” ते म्हणाले. “माही थुंकी गेलीच नाई.”

धर्मेंद्रला समजायला वेळ लागला. मग तो पायरीवर बसला आणि पोट धरून हसू लागला, इतका की वर चढणारे लोक थांबून खाली पाहू लागले.

“म्हणजे दीड महिना मी माहाच भाऊ होतो,” तो म्हणाला.

यादोरावांनी खिशातून प्लॅस्टिकचा कागद काढून त्याच्या हातात दिला, वर नारळ ठेवला. तुझंच आहे, घे, असं म्हणून ते खाली वळले. तेवढ्यात वरून खेमराज मास्तरांनी आवाज दिला की मुहूर्त जाऊन राहिला, उभयता कुठे आहेत. धर्मेंद्र उठला. त्याने आधी कागद घडी करून आपल्या खिशात टाकला, जितकी घडी प्लॅस्टिकची होते तितकी, आणि यादोरावांचं मनगट धरलं.

“कागद माहा, तं नारळ बी माहा. माहा नारळ कोनं फोडावा थे मी सांगीन. चाल वर.”

गडाच्या दरवाज्यात नारळ यादोरावांनी फोडला. एका घावात दोन सारखी भकलं झाली. मास्तरांनी त्यातही काहीतरी पुरावा पाहिला आणि वहीत टिपून घेतला. पार्वताबाईंना धर्मेंद्रने संध्याकाळी खरं काय ते सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं की मग यादोची थुंकी अजून बाकी आहे म्हणायची. बाकी आहे, धर्मेंद्र म्हणाला. तर मग ती येईपर्यंत मी काकूच, असं म्हणून त्या डाळ घेऊन तलावाकडच्या मोहल्ल्यात निघाल्या.

धर्मेंद्रने नवा डबा मागवला. तो यादोरावांच्या घरात उंच फळीवर आहे, जिथे मंदाबाईंचा हात पोचत नाही. काम एका तासाचं आहे. तास पाळायचा, काडी फिरवायची, झाकण लावायचं. कुरिअरवाला दर आठवड्याला येऊन विचारून जातो. ज्या दिवशी तो येतो, नेमका त्याच दिवशी यादोरावांना सकाळपासून तलफ असते. बाकीचे सहा दिवस खर्रा बराच कमी झालाय, हे मंदाबाईंच्याही लक्षात आलं आहे.

परवा पार्वताबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “का गा यादो, देल्ली का थुंकी?”

यादोरावांनी भरल्या तोंडाने बोट वर केलं. उद्या.